छत गळतंय आणि तू सीलिंग लावतोस?

बस. मोबाईल बाजूला ठेव आणि ऐक.

घर नवं केलंय, बघायला या म्हणालास, म्हणून आले. दहा बाय बाराची पुढची खोली. वर पीओपीचं सीलिंग, त्यात निळे-जांभळे दिवे. समोरच्या भिंतीला गडद राखाडी वॉलपेपर. तीन माणसांचा एक आणि एकेकट्याचे दोन असा सोफा, मध्ये काचेचं टेबल. जमलेल्या सगळ्यांनी छान म्हटलं. मी गप्प बसले, कारण चार माणसांत आपल्या विद्यार्थ्याला बोलू नये एवढं मला कळतं. आता इथं दुसरं कोणी नाही, म्हणून बोलते.

मी हात धुवायला आत गेले होते. आत स्वयंपाकघर आहे, पत्र्याचं. खिडकी नाही. एक दिवा, तोही शेगडीच्या मागं, म्हणजे तुझी बायको पोळी लाटते ती स्वतःच्या सावलीत. भिंतीला कमरेपर्यंत ओल चढलेली, लोणा धरून रंगाचे पोपडे सुटलेले. भांडी जमिनीवर, कारण मांडणी ठेवायला जागा नाही. आणि कोपऱ्यात, त्याच उकाड्यात, तुझी आई बसलेली. बाहेर पाहुणे आहेत म्हणून तिला आत बसवलं होतंस. दिवसातले चौदा तास ज्या खोलीत तुझ्या घरातली माणसं वावरतात, तिथं तू एक रुपया लावलेला नाहीस. जिथं पाहुणा महिन्यातून दोनदा येऊन अर्धा तास बसतो, तिथं सगळे पैसे ओतलेस. माझा राग त्यावर आहे. घर सजवलंस यावर नाही, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर ‘बाईंना हौस-मौज कळत नाही’ असं म्हणायला जागा राहणार नाही.

आता हिशेब. गणित मीच शिकवलंय तुला, तेव्हा फळ्यापाशी उभा आहेस असं समज. कर्ज 60,000 रुपये, मुदत दोन वर्षं. व्याज किती विचारलं तर म्हणालास, ‘फक्त चौदा टक्के, बाई.’ चौदा टक्के सपाट दरानं. म्हणजे वर्षाला 8,400, दोन वर्षांचे 16,800. मुद्दल धरून 76,800. भागिले 24. महिन्याचा हप्ता 3,200. इथपर्यंत तुला जमलं. पुढचं मात्र तू केलंच नाहीस. पहिल्या महिन्यापासून तू मुद्दलही फेडतोयस. वर्ष सरेपर्यंत जवळपास निम्मं मुद्दल परत गेलेलं असेल, आणि व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवर चालूच. जेवढं मुद्दल खरोखर तुझ्याकडं शिल्लक आहे तेवढ्यावरच व्याज धरलं, तर हाच दर पंचवीस टक्क्यांच्या घरात जातो. ‘फक्त चौदा’ म्हणून तू पंचवीस टक्क्यांनी पैसे उचललेस.

आणि हे तुला कळायला काही मार्ग नव्हता असंही नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं सक्ती केली आहे, की किरकोळ कर्ज देणाऱ्यानं सही घेण्याआधी कर्जदाराला एक मुख्य तथ्य पत्रक द्यायचं. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा टक्का लिहिलेला असला पाहिजे, आणि तो कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत असला पाहिजे. मराठीत दे, असं तू म्हणू शकत होतास. तुझ्या फाइलीत तो कागद असला तर आज रात्री काढून वाच. नसला तर उद्या जाऊन माग. सही करताना वाचायचं असतं, हे मी तुला दहावीच्या अर्जावर सही करताना सांगितलं होतं.

आता त्या सीलिंगकडं वळू. तुझ्या स्लॅबच्या नैऋत्य कोपऱ्यातून दोन पावसाळे पाणी झिरपतंय. मला ते डाग आठवतात. ते डाग दिसू नयेत म्हणून तू खाली पीओपी लावलंस. पीओपी म्हणजे जिप्सम भाजून केलेली पूड. पाणी पिऊन ती फुगते, भुसभुशीत होते आणि पडते. आज ओल दिसत नाही, एवढंच झालंय. ती वर साठते आहे, स्लॅबमधल्या लोखंडाला गंज चढवते आहे. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. पूर्वी डाग तरी दिसायचा, त्यामुळं कुठं दुखतंय ते कळायचं. आता सीलिंगचा तुकडा सोफ्यावर पडेल तेव्हाच कळेल, आणि त्या वेळी सोफ्यावर तुझी मुलगी बसलेली नसावी. साधारण शंभर रुपये चौरस फूट धरला तरी 120 चौरस फुटांचे 12,000 तू वर टांगलेस. त्याहून कमी पैशात गवंडी बोलावून गच्चीवरच्या कठड्याच्या कडेचा जोड खरवडून घेतला असतास, तिथं सिमेंटचा गोल उतार दिला असतास, पाणी जायच्या भोकाची पातळी नीट केली असतीस, आणि गच्चीवर दिवसभर पाणी साठवून गळती थांबली का ते तपासलं असतंस. हे काम कोणाला दिसत नाही, याचा फोटो काढता येत नाही, म्हणून तुला ते सुचलं नाही.

वॉलपेपरचंही तेच. आपला माळशिरस तालुका नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर जगतो. कालवा आला, ऊस आला, श्रीपूर वसलं. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, त्यातूनच इथला कारखाना उभा राहिला. उसाला बारमाही पाणी दिलं की काळ्या जमिनीत ओल आणि क्षार वर येतात, हे तुझ्या वडिलांना कुणी शिकवावं लागलं नाही. तीच खारट ओल भिंतीच्या पायातून वर चढते. भिंतीला ती बाहेर टाकता आली पाहिजे. तिच्यावर तू प्लास्टिकचा कागद चिकटवलास, म्हणजे ओलीचं तोंड बंद केलंस. ती कागदाच्या मागं बुरशी धरणार आणि आणखी वर चढणार. तुझ्या मुलीला सकाळी शिंका येतात म्हणालास ना? आधी तो कागद उचलून मागं बघ. अशा भिंतीला चुन्याची सफेदीच चांगली, कारण चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडते. ऑइल पेंटमधून पडत नाही. शिवाय दहा फुटांच्या खोलीतल्या एका भिंतीला गडद राखाडी रंग दिला की खोलीतला उजेड तीच भिंत खाऊन टाकते. मग दिवसा दिवे लावायचे. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये, चारी बाजूंना काचेच्या खिडक्या असताना जे शोभतं, ते तू दहा बाय बारामध्ये आणलंस.

आता उन्हाळ्याचं बोलते, आणि हे नीट ऐक. आपल्या जिल्ह्यात पारा 42-43 अंशांवर जातो, हे मी तुला सांगायला नको. आपले जुने लोक काय करत होते? धाब्याचं घर. दीड-दोन हात रुंदीची मातीची भिंत. वर लाकडी सरे, किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाऊस तोंडावर आला की त्या थरावर नवी माती पसरून चोपायची. ऊन त्या मातीतून आत पोचेपर्यंत दिवस मावळायचा. छताला उजेडाचं एक भोक ठेवलेलं असायचं, त्यातून उजेड यायचा आणि चुलीचा धूर, गरम हवा बाहेर जायची. त्या घरांत अडचणी होत्या, पावसाळ्यात गळायची, उंदीर व्हायचे, ते सगळं मला माहीत आहे. धाबं बांध असं मी सांगत नाही. पण त्या बिनशिकलेल्या माणसांनी घर बांधताना पहिला विचार उन्हाचा केला होता. तू शिकलास, आणि उन्हाचा विचारच केला नाहीस.

चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. म्हणून रात्री अकरा वाजता बाहेर गार आणि घरात भट्टी. याला सगळ्यात स्वस्त उपाय तुझ्या आजोबांनाही ठाऊक होता. गच्चीला पांढरा चुना. पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन परत पाठवतो. अहमदाबादनं वाढत्या उष्णतेसाठीची आपली योजना 2013 मध्ये सुरू केली, नंतर तिथल्या गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. तेलंगणानं 2023 मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. छत पांढरं केल्यावर खोलीतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं असा अनुभव आहे. हे दोन-पाच अंश थोडे वाटत असतील, तर तुझ्या आईला विचार.

पण चुना कसा लावायचा हेही शिकावं लागतं, नाहीतर पहिल्या वाऱ्यात पांढरी धूळ उडते आणि लोक म्हणतात चुन्यानं काही होत नाही. कळीचा चुना आण. लोखंडी पिंपात आधी पाणी घे आणि त्यात चुना थोडा थोडा सोड. चुन्यावर पाणी ओतू नकोस. तो खदखदा उकळतो, आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. मुलांना लांब ठेव, डोळ्यांना चष्मा लाव. रात्रभर मुरू दे, फडक्यानं गाळ, चिकटपणाला थोडा डिंक किंवा फेविकॉल घाल. गच्ची घासून धू आणि ओली असतानाच पहिला हात मार. दुसरा हात आडवा. सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर, भर दुपारी कधीच नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत असतो, त्याला त्यासाठी ओलावा आणि वेळ लागतो. उन्हात तो कोरडा पडतो आणि उडतो. आणि साखर कारखान्याच्या गावात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. गळीत हंगामात काजळी पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तशी गच्चीवरही. जानेवारीत चुना लावलास तर फेब्रुवारीपर्यंत तो राखाडी होईल. पट्टा पडू दे, म्हणजे गळीत संपू दे, गच्ची धू, मग लाव. मात्र चुना गळती थांबवत नाही, हे लक्षात ठेव. कोपऱ्याची दुरुस्ती आधी.

स्वयंपाकघराच्या पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथं पांढरा रंग लाव, पत्र्यासाठीचा. पत्र्याच्या खाली सहा इंच जागा सोडून बांबूचे तट्टे बसव, आणि त्या पोकळीची दोन्ही टोकं उघडी ठेव, म्हणजे पत्र्याखाली तापलेली हवा बाजूनं निघून जाईल. ते खरं सीलिंग. आपल्याकडं पुष्कळ घरांत उन्हाळ्यात पत्र्यावर उसाचं पाचट टाकतात. उपाय चांगला आहे, पण ज्या घरात खाली चूल आहे, शेजारी पाणी तापवायचा बंब पेटतो, तिथं पाचट टाकू नकोस. एका ठिणगीचं काम आहे. त्यापेक्षा परसात दोडक्याचा, घेवड्याचा वेल लाव आणि तारेवरून पत्र्यावर चढव. सावली होईल, आणि भाजी मिळेल ती वेगळीच.

स्वयंपाकघराला खिडकी पाड. एक खालच्या बाजूला, आणि समोरच्या भिंतीला पत्र्याला लागून वर एक झरोका. गरम हवा वर जाते, तिला वरून वाट दिली की खालून गार हवा आपोआप येते. शाळेच्या विज्ञानात आहे हे. एक पत्रा काढून त्या जागी उत्तरेच्या उताराला फायबरचा पारदर्शक तुकडा बसव, दिवसा दिवा लागणार नाही. नवा ओटा बांधशील तेव्हा गवंड्याला विचारून बांधू नकोस, तुझ्या बायकोला उभं करून तिच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली खूण कर आणि त्या उंचीला बांध. आताचा ओटा इतका खाली आहे की तिला वाकून उभं राहावं लागतं. तिची पाठ दुखते असं ती मला म्हणाली. तुला म्हणाली असेल तर तू ऐकलं नाहीस.

जमिनीला चकचकीत टाइल हवीच होती, म्हणून हॉलला टाइल आणि आत उखणलेला कोबा. शहाबादी फरशी का नाही घातलीस? शहाबाद इथून काही फार लांब नाही, सोलापूरवरून वाडीकडं जाणाऱ्या लोहमार्गावरचं गाव, कलबुर्गी जिल्ह्यात. आपल्या आज्या त्या फरशीवर झोपल्या. ती स्वस्त, उन्हाळ्यात गार, आणि मशीननं घासून घेतली तर नजर ठरणार नाही अशी दिसते. शिवाय चकचकीत टाइलपेक्षा म्हातारं माणूस तिच्यावरून कमी घसरतं.

सोफ्याचंही सांगते. तुझ्या खोलीचं क्षेत्रफळ 120 चौरस फूट. सोफा आणि टेबल मिळून जवळपास तिसरा हिस्सा जागा अडवतात. आषाढात तुकोबांची पालखी माळीनगरचं उभं रिंगण झालं की श्रीपुरावरून बोरगावच्या मुक्कामाला जाते. या वाटेवरच्या दोन खोल्यांच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांना टेकायला जागा दिली आहे. कशी दिली? सतरंज्या झटकून, भिंतीला उशा लावून. तुझ्या आजीच्या घरात सोफा नव्हता म्हणून माणसं मावत होती. या आषाढात तू किती जणांना आत घेऊ शकशील? तुझी मुलगी आता अभ्यासाला कुठं बसते? ती सोफ्यावर पाय दुमडून, वही मांडीवर घेऊन बसते. मी बघितलं. आठवीतली मुलगी. तिच्यासाठी भिंतीला बिजागरीवर एक फळी लावायला, वापरून झाली की मिटायला, सुताराला अर्धा दिवस पुरला असता.

छोटं घर म्हणजे कमीपणा, हे तुझ्या डोक्यात कुणी भरलं? प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं किमान माप 25 चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण 269 चौरस फूट, तेही स्वयंपाकाची जागा धरून. सपाटीच्या भागात त्याला 1,20,000 रुपये मिळतात, वर रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे 12,000. लाखो कुटुंबं एवढ्यात राहतात आणि नीट राहतात. आपल्याच जिल्ह्यात, सोलापूरजवळ कुंभारीला, विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, 2006 मध्ये तिचं उद्घाटन झालं. नंतर तिथंच रे नगर झालं, त्यातल्या पहिल्या 15,000 घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला दिल्या गेल्या. ही घरं बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवली आहेत. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईचं घर हाच तिचा कारखाना असतो. तिला दारापाशी उजेड लागतो, तंबाखूची धूळ बाहेर जायला वारा लागतो, पानं ओली ठेवायला जागा लागते. घर म्हणजे आत काम करणाऱ्या माणसाची सोय, हे ज्यांना कुणी शिकवलं नाही त्यांना कळतं. माझ्याकडं दहा वर्षं शिकलेल्याला कळत नाही, याची मला लाज वाटते.

आता सजावट. घर देखणं असावं, मी त्याच्या विरोधात कधीच नव्हते. उजाड भिंतीत पोरं वाढवू नयेत. पण देखणेपण दुकानातूनच येतं, हे खोटं आहे. सेवाग्रामला जाऊन ये एकदा, वर्ध्याजवळ. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला त्या गावात राहायला गेले. आज जिला बापू कुटी म्हणतात ती माती, बांबू आणि कौलांची झोपडी आधी त्यांच्या शिष्या मीराबेन यांची होती. त्या बाईनं मातीच्या गिलाव्यातच हातानं उठावाची झाडं काढली आहेत, ताडाची. रंग नाही, चौकट नाही, खर्च नाही. देशोदेशीची माणसं ती भिंत बघायला येतात. लॉरी बेकर नावाचे इंग्रज वास्तुरचनाकार कित्येक वर्षं केरळात गरिबांची स्वस्त घरं बांधत राहिले, 2007 मध्ये गेले. ते सांगत, की गांधीजींनी त्यांना म्हटलं होतं, आदर्श खेड्यातलं आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं. श्रीपूरच्या पाच मैलांत काय मिळतं याची यादी केलीस कधी? तुझं सगळं सामान मोबाईलवरून मागवलेलं आहे.

आपल्याकडं काय आहे ते मी सांगते. काव आणि चुना. घराच्या जोत्याला गेरूचा पट्टा आणि वर पांढरी रेघ ओढली, की घर धुतल्यासारखं दिसतं. खर्च शंभर-दोनशे. सोलापूरची चादर आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि आपण तिला पांघरुणापलीकडं किंमत देत नाही. तीच चादर दिवाणावर घाल, तीच भिंतीवर टांग, दाराला पडदा कर. विणताना थोडा दोष राहिलेला माल कारखान्याच्या दारात आणखी स्वस्त मिळतो. तुझ्या आईनं शिवलेली वाकळ ट्रंकेत आहे. तिच्या लग्नातल्या लुगड्याचा तुकडा त्यात आहे, तो ती मला बोटानं दाखवत होती. ती वाकळ त्या राखाडी भिंतीवर लावली असतीस, तर पाहुण्यांनी आधी तिच्याविषयी विचारलं असतं, आणि तुझ्या आईला बाहेर बसवावं लागलं असतं, उत्तर द्यायला.

सामान ठेवायला जागा नाही म्हणतोस. जुन्या घरांत कपाट नव्हतं, कोनाडे होते, देवळ्या होत्या, फडताळ भिंतीत असायचं. भिंतीनं जमीन अडवायची नाही, सामान पोटात घ्यायचं. तुझ्या नऊ इंची भिंतीत चार इंच खोल कोनाडा सहज निघतो, नवी भिंत उचलताना तर विटा वाचतात. दाराच्या वरची सगळी जागा रिकामी आहे, तिथं कडप्प्याची फळी टाक, गाद्या-गोधड्या तिथं जातील. आणि काही वस्तू घरातून काढाव्या लागतात. त्या काचेच्या टेबलाचं काम मला कळलेलं नाही. तुलाही सांगता आलं नाही.

विजेबद्दल थोडक्यात बोलते, पण हे हसण्यावारी नेऊ नकोस. ते जांभळे दिवे, टीव्ही आणि फ्रिज एकाच बोर्डातून घेतलेत. ओली भिंत, वर लोखंडी पत्रा, आणि अर्थिंगची तार तुटलेली. पावसाळ्यात अशा घरांत माणसं शॉक लागून जातात. जमिनीत गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारा ब्रेकर साधारण दोन-अडीच हजारांत बसतो. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग आणि ब्रेकर दोन्ही या आठवड्यात करून घे. बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. आणि जुना पंखा जळाला की बीएलडीसी घे. साधा पंखा 75 वॅट खातो, हा तिशीच्या आसपास. उन्हाळ्यात दिवसाला पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागं महिन्याला वीस युनिट वाचतात. तू हिशेब करून बघ, मी केलेला मानू नकोस.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. ‘बाई, पाहुणे काय म्हणतील? पोरीचं स्थळ बघायला उद्या लोक येतील.’ ती आठवीत आहे. तिला आधी शिकू दे. आणि जे लोक सोफा बघून मुलगी पसंत करतील त्यांच्या घरात तिला द्यायची आहे का, हे आज रात्री जेवताना बायकोला विचार. तिचं मत तू कधी घेतलंस का? वॉलपेपरचा रंग तू ठरवलास, सीलिंगची नक्षी तू मोबाईलवर पसंत केलीस, आणि हप्ता भरायला ती बचत गटातून पैसे उचलते. गटातले पैसे शेळी घ्यायला असतात, शिलाई मशीन घ्यायला असतात. जांभळ्या दिव्यांचा हप्ता भरायला नसतात. घराचा कागद कोणाच्या नावावर आहे हेही बघ. तिचं नाव त्यावर नसेल तर घाल.

झालं ते झालं, सीलिंग फोड असं मी सांगणार नाही. मात्र कोपऱ्यातला तुकडा काढून वरची ओल बघ, वॉलपेपर खालून दोन फूट सोलून भिंतीला श्वास घेऊ दे, काचेचं टेबल विकून टाक आणि आलेले पैसे स्वयंपाकघराच्या खिडकीला लाव. हप्ते फिटेपर्यंत घरात नवी वस्तू आणू नकोस, आणि फिटले म्हणून दुसरं कर्ज काढू नकोस. तेच 3,200 रुपये पुढं दर महिन्याला बाजूला टाक. वर्षाला 38,400 होतात. त्यात ओटा होतो, शहाबादी होते, मुलीची फळी होते, आणि कोणाला एक पैसा व्याज जात नाही. आईला उद्यापासून पुढच्या खोलीत बसव, पाहुणे असोत वा नसोत. गळीत हंगाम संपला की कळीचा चुना आण. भिजवायला जमत नसेल तर मला बोलाव, मी येऊन उभी राहीन.